की हरवली? आधी बिल शोधा!

मार्चएंड जवळ आला की तालुक्याच्या गावापासून पुण्या-मुंबईपर्यंत एक प्रसंग हमखास घडतो. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बसतो. हार्डवेअरवाला येतो, हार्ड डिस्क गेली म्हणतो, नवी टाकतो, फॉरमॅट मारतो आणि विचारतो, ‘‘साहेब, विंडोजची की आहे का?’’ साहेब कपाट उघडतात. कपाटात बंद पडलेला मोडेम असतो, चरे पडलेल्या दोन सीडी असतात, कागद नसतो. मग हार्डवेअरवाल्याचं ठरलेलं वाक्य येतं : ‘‘राहू द्या साहेब, मी ॲक्टिव्हेट करून देतो.’’

इथेच त्याचा हात धरायला हवा. कारण त्या एका वाक्याने विकत घेतलेलं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. रीतसर पैसे मोजलेला माणूस पाच मिनिटांच्या घाईपायी फुकट्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. की हरवली म्हणून लायसन्स हरवत नाही आणि की मिळाली म्हणून लायसन्स मिळत नाही. गाडीच्या नंबर प्लेटचं जे, तेच इथे. पाटी कुणीही रंगवून घेईल, मालकी ठरते आरसी बुकावर. सॉफ्टवेअरचं आरसी बुक म्हणजे बिल, खरेदीची ईमेल आणि ज्या खात्यावर ते नोंदलंय ते खातं. आपण नेमकं तेच सांभाळत नाही आणि मग पंचवीस अक्षरांच्या कीमागे धावत सुटतो.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

‘सगळेच वापरतात, कोण विचारतंय’ असं म्हणणाऱ्यांसाठी आधी कायदा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्रॅम त्यात आले आणि १९९४ मध्ये ‘६३ ब’ हे कलम आलं. माहीत असूनही बेकायदा प्रत संगणकावर वापरली, तर कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद. दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी वापर नसेल, तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. ही सवलत घरच्या वापराची आहे. दुकान, क्लास, प्रेस, सीएचं ऑफिस चालवणाऱ्याने ती स्वतःला लावून घेऊ नये. लक्षात घ्या, कलमात ‘वापर’ असा शब्द आहे. कॉपी कुणी केली, लायसन्सचं कुलूप तोडणारा क्रॅक कुणी टाकला, हा पुढचा प्रश्न. माहीत असून मशीन तुम्ही चालवताय, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

आता याच कायद्याची दुसरी बाजू पाहा, जी कुणी सांगत नाही. कलम ५२ मध्ये रीतसर प्रत बाळगणाऱ्याला हक्क दिलाय : प्रत हरवू नये, बिघडू नये, नष्ट होऊ नये म्हणून तो तिचा बॅकअप काढून ठेवू शकतो. म्हणजे सॉफ्टवेअर हरवू शकतं, हे कायद्यानेही गृहीत धरलंय. २०१२ मध्ये आलेलं ‘६५ अ’ हे कलम सॉफ्टवेअरचं संरक्षक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण त्यासाठी हेतू हक्कभंगाचा असावा लागतो. स्वतःच्या मशीनमधली स्वतःची की वाचून काढणाऱ्याचा असा हेतू नसतो. आपली की शोधणं हा आपला हक्क आहे, त्यात चोरट्यासारखं वाटायचं कारण नाही.

आपण नेमकं विकत काय घेतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात पाकीटबंद सॉफ्टवेअर म्हणजे ‘माल’ असं न्यायालय म्हणालं. २०२१ मध्ये इंजिनीअरिंग ॲनालिसिस सेंटरच्या खटल्यात न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं : घेणाऱ्याला मिळतो तो प्रत वापरण्याचा हक्क, कॉपीराइट नाही. दोन्ही खटले कराचे होते, पण बोध आपल्या कामाचा आहे. तुम्ही घेतलेल्या गोष्टीला किंमत आहे आणि मर्यादाही आहे. एका मशीनचं लायसन्स घेऊन भावाच्या, मेहुण्याच्या आणि शेजारच्या क्लासच्या मशीनवर चढवलंत, तर पहिल्याच्या बिलाने बाकीची तीन पावन होत नाहीत.

की बहुतेकदा मशीनमध्येच असते

आता कामाचं बोलू. विंडोज ७ पर्यंत लॅपटॉपच्या पोटाला किंवा सीपीयूच्या बाजूला स्टिकर असायचा, त्यावर पाच-पाच अक्षरांचे पाच गट. हाताच्या घामाने तो स्टिकर पुसला जायचा आणि ‘की गेली’ म्हणून ओरड व्हायची. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून कंपनीच्या तयार मशीनमध्ये ही की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच लिहिलेली येते. हार्ड डिस्क बदला, फॉरमॅट मारा, की जागची हलत नाही. विंडोज टाकताना इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो. अशा लॅपटॉपवर ‘की नाही म्हणून क्रॅक टाकला’ असं कुणी सांगत असेल, तर त्याला काम येत नाही किंवा तो तुम्हाला फसवतोय. दोन्ही कारणांसाठी माणूस बदला.

विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, आणखी सोपं झालं. लायसन्स मशीनच्या ओळखीशी बांधून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलं जातं. ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवलंत, तर हार्डवेअर बदलल्यावरही ट्रबलशूटरमधून ते परत जागं करता येतं. म्हणून आज पहिलं काम हे : सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. ‘डिजिटल लायसन्स’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडलेलं’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर पंचवीस अक्षरांची चिंता सोडा.

की वाचून दाखवणारी छोटी टूल्सही आहेत. नीरसॉफ्टचं ‘प्रोड्यूकी’ त्यांतलं जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं. ते मूळ ठिकाणाहूनच उतरवा. नावं सारखी असलेल्या भलत्या फायली नेटवर ढिगाने आहेत. आणि टूलने दाखवलेली की नीट वाचा. विंडोज १० किंवा ११ प्रोमध्ये शेवटची पाच अक्षरं ‘३व्ही६६टी’ दिसली, तर ती तुमची नाही. डिजिटल लायसन्सच्या लाखो मशीनवर तीच सर्वसाधारण की बसवलेली असते. ती वहीत उतरवून ‘सापडली’ म्हणू नका. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचंही तसंच. ऑफिस २०१३ पासून मशीनमध्ये कीची शेवटची पाचच अक्षरं राहतात. उरलेली वीस कुठलंही टूल काढून देणार नाही, कारण ती तिथे नसतातच. ती पाच अक्षरं ओळख पटवायला आहेत : कपाटातल्या कीच्या चार कार्डांपैकी या मशीनचं कार्ड कुठलं, एवढंच त्यांनी ठरतं. आणि ते ऑफिस एखाद्या खात्यावर नोंदवलेलं असेल, तर कीची गरजही संपते. गरज असते त्या खात्याच्या ईमेलची आणि पासवर्डची.

ही तपासणी प्रत्येकाने करावी

विंडोजचं बटण आणि ‘आर’ दाबा. आलेल्या चौकटीत ‘एसएलएमजीआर’ लिहा, एक जागा सोडा, ‘/डीएलआय’ लिहा आणि एंटर मारा. अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत. एक छोटी खिडकी येईल. तिच्यात लायसन्सचा प्रकार लिहिलेला असतो. ‘रिटेल’ असेल तर तुमचं लायसन्स बहुधा सुटं आहे. जुनं मशीन मोडीत काढलंत, तर ते नव्यावर नेता येतं. ‘ओईएम’ असेल तर ते त्या मशीनबरोबर जन्मलं आणि त्या मशीनबरोबरच जाणार. स्वस्त का मिळालं, त्याचं उत्तर हेच. ते काढून दुसऱ्या मशीनवर लावणं नियमात बसत नाही, भले की चालो.

तिसरा प्रकार ‘व्हॉल्यूम’, आणि त्यापुढे ‘केएमएस क्लायंट’. हा मोठ्या संस्थांसाठी. संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असतो, त्याच्याकडून मशीन दर १८० दिवसांच्या आत परवानगी नवी करून घेतात आणि विंडोजसाठी हा सर्व्हर काम सुरू करतो तेच किमान २५ मशीन झाल्यावर. आता तुमच्या दुकानात मशीन एकच आहे, सर्व्हर नावालाही नाही, आणि खिडकीत ‘केएमएस क्लायंट’ दिसतंय, तर अर्थ सरळ आहे. कुणीतरी तुमच्या मशीनमध्ये खोटा सर्व्हर बसवलाय. ‘ॲक्टिव्हेट करून देतो’ ते हेच.

तो खोटा सर्व्हर बसवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. का सांगतात, याचा विचार करा. केएमएसपिको नावाच्या क्रॅकच्या नावाखाली पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरणारे प्रोग्रॅम वाटले गेले, हे सुरक्षा क्षेत्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये उघड केलं. ज्या मशीनवर जीएसटीचं रिटर्न भरता, बँकेत लॉगिन करता, त्याच मशीनची राखण उठवून अनोळखी माणसाला आत घेता. हजारो रुपये वाचवायला निघालेल्या व्यापाऱ्याने बँकेचं खातं पणाला लावलं, असाच त्याचा हिशेब होतो.

नेटवर तीनचारशे रुपयांत मिळणाऱ्या ‘ओरिजिनल’ कीचीही तीच गत. त्यांतल्या कितीतरी एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम कराराच्या किंवा शिक्षणासाठी दिलेल्या असतात. विकणाऱ्याला त्या विकायचा अधिकार नसतो, म्हणजे घेणाऱ्याला वापरायचाही मिळत नाही. कंपनी ती की कधीही बंद करू शकते, आणि तोवर विकणारा गायब झालेला असतो. की चालली म्हणजे लायसन्स आहे, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा.

टॅली आणि ‘लॉक’

महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याचं खरं दुखणं मात्र विंडोजचं नाही, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं असतं. टॅलीत मशीन बदलायच्या आधी लायसन्स ‘सरेंडर’ करायचं असतं. जुन्या मशीनवर ते सोडायचं, नव्यावर घ्यायचं. दोन मिनिटांचं काम. ते न करता फॉरमॅट मारला की नव्या मशीनवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते आणि महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेशिवाय नोंद घेत नाही. तिथे मालक हातपाय गाळतात आणि क्रॅक शोधतात. गरज नसते. सिरियल नंबर बिलावर असतो आणि नोंदवलेल्या ईमेलवरून लायसन्स परत जागं करता येतं.

पण ती ईमेल कुणाची? मी सगळ्यात जास्त भांडतो ते इथे. ती अकाउंटंटची असते, आणि अकाउंटंट दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला असतो. नाहीतर ज्याने टॅली विकली त्या एजंटची असते, आणि एजंटने फोन नंबर बदललेला असतो. पैसे तुमचे, बिल तुमच्या फर्मच्या नावाने, आणि किल्ल्यांचा जुडगा भलत्याच्या खिशात! कुठलंही लायसन्स नोंदवताना ईमेल फर्मची द्या, मोबाइल मालकाचा द्या. ‘त्यातलं मला काही कळत नाही, तूच टाक तुझा’ हे वाक्य धंदेवाल्याच्या तोंडी शोभत नाही. चेकबुक कधी असं दिलंत का?

डीटीपीवाल्यांची गोष्ट याहून जिव्हाळ्याची. मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी पुण्याची, सी-डॅकचं आयएसएमही पुण्याचं. मराठी अक्षर संगणकावर बसवून छापखान्यापर्यंत नेण्याचं काम या मंडळींनी केलं. कित्येक लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि साप्ताहिकं या सॉफ्टवेअरवर निघाली. त्यांच्याबरोबर ‘लॉक’ यायचं, आधी प्रिंटरच्या पोर्टला लावायचं आणि नंतर यूएसबीचं. ते लावलं नाही तर सॉफ्टवेअर चालायचं नाही. लॉक ठेवायची वेळ का आली, ते डीटीपीवाल्यांना सांगायला नको. एका सीडीवरून अख्ख्या गल्लीची सेंटरं चालायची. मराठीसाठी काम करणाऱ्या माणसांचा घास आपण मराठी माणसांनीच काढून घेतला, हे मला अजून सलतं.

लॉकचा नियम कडक असतो. मोडलेलं लॉक परत केलं तर बहुतेक कंपन्या बदलून देतात. हरवलेल्याला नव्या लायसन्सचे पैसे मागतात, कारण हरवलेलं लॉक दुसरीकडे चालू नाही याची खात्री त्यांना कुठून मिळणार? म्हणून लॉकला धनादेशासारखं जपा, त्यावर नंबर असेल तर वहीत लिहा. आणि आणखी एक काम आजच सुरू करा. जुन्या फाँटमध्ये असलेला मजकूर लॉक चालू आहे तोवर युनिकोडमध्ये आणा. फाँट नसेल तर ती फाइल म्हणजे नुसती चिन्हांची रांगोळी. वीस-वीस वर्षांचे अंक एका बोटाएवढ्या प्लास्टिकवर अवलंबून ठेवणं हा मराठी मजकुराशी केलेला बेजबाबदारपणा आहे.

आता कंपन्यांनो, तुम्हीही ऐका

ग्राहकाला नियम शिकवणाऱ्या कंपन्यांनी आपली जबाबदारीही उचलावी. डिसेंबर २०१२ मध्ये अडोबीने आपल्या २००५ च्या क्रिएटिव्ह सूट २ या संचाचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांची प्रत नव्या मशीनवर जागी होणार कशी? म्हणून कंपनीने सर्व्हरशिवाय चालणारी प्रत आणि तिचे सिरियल नंबर उघडपणे ठेवले. जगभर बातमी पसरली की फोटोशॉप फुकट झालं आणि लोकांनी उतरवून घ्यायला झुंबड उडवली. अडोबीला सांगावं लागलं, हे फक्त ज्यांनी लायसन्स घेतलंय त्यांच्यासाठी. त्या दिवसांत उतरवलेली प्रत आजही ‘फुकटची आणि कायदेशीर’ म्हणून मिरवणारे आहेत. त्यांनी ऐकावं : सिरियल नंबर कंपनीच्याच पानावर होता, तरीही ज्याने कधी पैसे मोजले नाहीत त्याला लायसन्स मिळालेलं नाही.

पण अडोबीने त्या वेळी केलं ते तत्त्वतः बरोबरच होतं. सर्व्हर बंद करणाऱ्याने जुन्या ग्राहकाला वाट करून दिलीच पाहिजे. विकताना ‘कायमचं लायसन्स’ म्हणायचं आणि दहा वर्षांनी सर्व्हर काढून टाकून हात वर करायचे, ही लबाडी आहे. युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात म्हटलं की कायमचं लायसन्स घेणारा आपली प्रत बंद करून ते दुसऱ्याला विकू शकतो. अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने २०१० मध्ये ऑटोडेस्कच्या खटल्यात नेमकी उलट भूमिका घेतली. वाद जगभर चालू आहे. आपल्याकडच्या विक्रेत्यांकडे माझी मागणी साधी आहे : बिलावर लायसन्सचा प्रकार आणि सिरियल नंबर छापा, आणि बिल दाखवणाऱ्याला की परत द्या. मायक्रोसॉफ्टसुद्धा कीची नोंद फक्त आपल्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्यांची ठेवतं. बाहेरून घेतलेल्याला दुकानदार हाच आधार. दुकानदार ‘ते आता मिळणार नाही’ म्हणून हात झटकतो तेव्हा त्याने विकलेल्या मालाची जबाबदारी झटकलेली असते.

असेंबल केलेला पीसी घेणाऱ्यांना एक प्रश्न. तुमच्या बिलावर विंडोज नावाची ओळ आहे का? कॅबिनेट, रॅम, एसएसडी, माऊस सगळं लिहिलंय आणि विंडोजची ओळच नाही, तर तुमच्याकडे विंडोज नाही. ‘टाकून दिलंय, फ्री आहे’ हे दुकानदाराचं बोलणं कुठल्याही न्यायालयात पुरावा होत नाही.

पैसे नाहीत? मग रस्ता हा आहे

सॉफ्टवेअर उद्योगातल्या बीएसए या संघटनेच्या पाहणीनुसार २०१७ मध्ये भारतातलं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनालायसन्स होतं, जगाची सरासरी ३७ होती. संघटना कंपन्यांची आहे हे लक्षात घेऊनही आकडा मान खाली घालायला लावणारा आहे. ‘परवडत नाही’ हे कारण मी ऐकून घेतो, मान्य करत नाही. लिबरऑफिस फुकट आहे, मराठीत आहे, आणि पत्र, हिशेब, सादरीकरण सगळं करतं. विंडोजऐवजी लिनक्स आहे, चित्रांसाठी इंकस्केप आहे, पानं लावायला स्क्रायबस आहे. मुंबईच्या एक टाइपने घडवलेला ‘मुक्त’ हा देखणा देवनागरी फाँट मोकळ्या लायसन्सवर कुणालाही वापरता येतो. हे सगळं असताना क्रॅक टाकण्याला गरज म्हणता येत नाही. ती सवय आहे.

फुकट मिळणाऱ्यालाही नियम असतात, हेही सांगतो. टीमव्ह्यूअर फुकट असतं ते खासगी वापराला. त्यावर दिवसभर गिऱ्हाइकांची मशीन दुरुस्त करून पैसे घेणाऱ्याने लायसन्स घ्यायला हवं. कितीतरी अँटिव्हायरस ‘घरच्या वापरासाठी’ फुकट आहेत, दुकानासाठी नाहीत. ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी निदान ‘पर्सनल’ आणि ‘कमर्शियल’ हे दोन शब्द शोधा.

शाळा आणि सरकारी कार्यालयांना वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. तुमच्याकडे डेड स्टॉक रजिस्टर असतं. प्रत्येक खुर्चीवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकता. त्याच रजिस्टरात सॉफ्टवेअरच्या लायसन्सलाही एक ओळ द्या. मुख्याध्यापक बदलले, लिपिक निवृत्त झाले तरी ती ओळ राहील.

आणि इतरांनी एक साधी वही करा. सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, लायसन्सचा प्रकार, बिल नंबर आणि तारीख, कुठल्या ईमेलवर नोंदलंय, कुठल्या मशीनवर आहे. कार्डाचा फोटो काढा, बिल स्कॅन करा, दोन ठिकाणी ठेवा. बिल सापडत नसेल तर सीएला फोन लावा. सॉफ्टवेअरवर ४० टक्के घसारा घेतला असेल तर बिल त्यांच्या फाइलीत असणार, आणि जीएसटीचे कागद तर वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायचेच असतात.

हे काम या रविवारी करा. घेतलेलं आहे त्याचा पुरावा गोळा करा. घेतलेलं नाही ते विकत घ्या, परवडत नसेल तर काढून टाका आणि मोकळ्या लायसन्सचं वापरा. यापलीकडे तिसरा प्रामाणिक मार्ग नाही.